एक्केचाळिसावं विमान: संरक्षण मंत्री आणि नागरी विमान वाहतूक मंत्री यांना बडोद्याहून खुलं पत्र

माननीय संरक्षण मंत्री आणि माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात जन्मले, तिथेच वाढले आणि एका तंत्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन शिकवून निवृत्त झाले. दाब, तापमान, ताण, कंपन कसं मोजायचं आणि मोजलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हा माझा विषय. विमान मी कधी बनवलं नाही की उडवलं नाही. पण आता माझ्या गावात विमानांचा कारखाना आलाय, आणि त्याबाबत आपल्याकडे एक मागणं आहे.

२८ ऑक्टोबर २०२४ ला हरणी विमानतळापासून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मीही गर्दीत उभी होते. दिवाळी तोंडावर होती. आपले पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ समोरून गेले, फुलं उधळली गेली, आणि शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरून म्हटलं, "हवे आपणा वडोदरामां विमान बनशे!" मला एकदम भरून आलं. घरी येऊन मी कराराचे आकडे वहीत उतरवून काढले. शिक्षकाची सवय. सप्टेंबर २०२१ चा करार, हवाई दलासाठी सैनिक आणि माल वाहणारी ५६ सी-२९५ विमानं, किंमत २१,९३५ कोटी रुपये. १६ विमानं स्पेनच्या सेव्हिल शहरातून तयार होऊन येणार, ४० बडोद्यात जोडली जाणार. १३,४०० हून जास्त सुटे भाग देशातच बनणार. बडोद्याचं पहिलं विमान सप्टेंबर २०२६ मध्ये आणि शेवटचं ऑगस्ट २०३१ पर्यंत, असं ठरलेलं.

त्या चाळीस विमानांतलं एकही मी मागत नाही. ती हवाई दलाची आहेत, आणि हवाई दलाला ती लवकरात लवकर मिळायला हवीत. माझं मागणं त्याच्या पुढच्या विमानाचं आहे. बडोद्यातून निघणारं एक्केचाळिसावं विमान उडती प्रयोगशाळा म्हणून बनवा. सैनिक किंवा माल वाहण्यासाठी नको. नवी उपकरणं, नवे अँटेना, नवी इंधनं, नवे सेन्सर हवेत नेऊन तपासण्यासाठी हवं. आणि ते बडोद्यात ठेवा.

उडती प्रयोगशाळा म्हणजे काय, हे आपल्या खात्यांतल्या तज्ज्ञांना मी सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं लिहिते. साधं विमान घ्यायचं आणि त्याच्या आतून-बाहेरून मोजमापाचं जाळं विणायचं. नाकापुढे एक लांब दांडी बसवतात, म्हणजे विमानाच्या अंगाने ढवळली न गेलेली हवा मोजता येते. शेपटीतून एक लांब नळी सोडतात, तिच्या टोकाला शंकू असतो. विमानापासून दूर, शांत हवेतला दाब तिथे मिळतो. आत खुर्च्यांच्या जागी उपकरणांचे रॅक आणि त्यांच्यासमोर पट्टे बांधून बसलेले इंजिनिअर. कुठे पाण्याची पिंपं ठेवून पाणी पुढून मागे पंप करतात, म्हणजे विमानाचा तोल हवा तसा सरकवता येतो. आणि पंखावर चक्क लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने ओळीत लावतात. हवा पंखाला धरून वाहत असेल तर सगळे तुकडे मागे निजलेले राहतात. हवेने पंख सोडला की ते थरथरतात, उलटे वळतात. शंभर वर्षांत कितीही यंत्रं आली तरी लोकर टिकून आहे. वर्गात मी टेबलफॅनसमोर पुठ्ठ्याचा पंख धरून हे दाखवायची, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची.

माझ्या विषयातली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे स्ट्रेन गेज. नखाएवढी पातळ पट्टी, आत धातूची नागमोडी रेघ. धातू आधी पॉलिश पेपरने घासायचा, अॅसिटोनने पुसायचा, पट्टी चिमट्याने नेमकी रेघेवर ठेवायची, खाली गोंदाचा एक थेंब, वर अंगठा, आणि मिनिटभर हलायचं नाही. मग त्या धातूवर ताण आला की पट्टीही ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. किती? १२० ओमच्या पट्टीत, मीटरमागे एक मिलिमीटर ताण आला तर जेमतेम पाव ओम. त्या पाव ओमवर पंख किती वाकतोय, कुठे थकतोय, हे कळतं. पण प्रयोगशाळेतल्या सळईवर मिळालेला पाव ओम आणि ढगात धडधडणाऱ्या पंखावर मिळालेला पाव ओम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे थंडी आहे, कंपन आहे, शेजारच्या तारांचा विजेचा गोंधळ आहे, ओल आहे. जमिनीवर नीट चाललेलं उपकरण हवेत का चालत नाही याची उत्तरं हवेतच मिळतात.

हे मला पुस्तकातून कळलं तेव्हा फारसं लागलं नव्हतं. माझ्या एका विद्यार्थिनीमुळे लागलं.

ती वाडी भागातली, वडिलांचं वायंडिंगचं दुकान. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने विमानाच्या पंखावर बर्फ धरू लागल्याचं ओळखणारी पट्टी बनवायला घेतली. कल्पना साधी होती: हवा, पाणी आणि बर्फ यांचं विजेच्या बाबतीतलं वागणं वेगवेगळं असतं, तेव्हा पट्टीवर काय साचलंय ते कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, मोजून ओळखायचं. अवघड होतं ते पट्टी पातळ ठेवणं, वाकवली तरी तुटू न देणं, आणि पाऊस व बर्फ यांत गल्लत होऊ न देणं. तिने ते केलं. तपासायला जागा नव्हती, म्हणून आम्ही ओळखीच्या आइस्क्रीमवाल्यांच्या शीतगृहात गेलो. उणे वीस अंश, आम्ही दोघी स्वेटरवर स्वेटर घालून, एका पाइपला गुंडाळलेली पट्टी, समोर टेबलफॅन, आणि झाडांना पाणी मारायचा हातपंप. पहिल्या दिवशी हातपंपच गोठला. तिसऱ्या दिवशी मीटरचा काटा बर्फाचा थर डोळ्यांना दिसायच्या आधी हलला. ती ओरडली, ते बाहेर उभ्या असलेल्या कामगारांनाही ऐकू गेलं.

पुढची दोन वर्षं आम्ही पत्रं लिहिली. कुणी उत्तरच दिलं नाही. एकांनी कौतुक केलं. उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीने वेळ दिला, नीट ऐकून घेतलं, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: "हे कुठल्या विमानावर उडालंय का?" उडालं नव्हतं. मग विमान असलेल्या ठिकाणी विचारलं. तिथे सांगितलं की उड्डाणासाठी मंजूर नसलेली वस्तू विमानावर लावता येत नाही. दोघांचंही बरोबर होतं. न उडालेली वस्तू कंपनी घेणार नाही आणि मंजुरी नसलेली वस्तू विमान घेणार नाही. ही गाठ जिथे सुटते ती जागाच त्या मुलीला कुठे सापडेना. आज ती पुण्यात गाड्यांच्या कंपनीत आहे. चांगलं चाललंय तिचं. पण ते काम तिथेच थांबलं.

बर्फाची गोष्ट क्षुल्लक नाही. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियाना राज्यात रोझलॉन गावाजवळ एटीआर-७२ जातीचं विमान कोसळलं आणि त्यातले सगळे, ६८ जण, गेले. हेच विमान आज आपल्याकडे लहान गावांना जोडतं, आणि त्याची इंजिनं ज्या घराण्यातली आहेत त्याच घराण्यातली सी-२९५ ला आहेत. त्या दिवशी विमान उतरायची वाट पाहत ढगांत घिरट्या घालत होतं. ढगात गोठणबिंदूच्याही खाली जाऊन पाणीच राहिलेले मोठे थेंब होते. पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ फोडणारे, फुगणारे रबरी पट्टे होते, पण हे थेंब त्या पट्ट्यांच्या मागे वाहत जाऊन गोठले आणि तिथे बर्फाचा बांध तयार झाला. वैमानिकांना तो दिसण्याची सोय नव्हती.

त्यानंतर काय केलं, ते महत्त्वाचं. कॅलिफोर्नियात अमेरिकी हवाई दलाचं एक टँकर विमान होतं, इंधनाऐवजी मागे पाण्याचा फवारा सोडण्यासाठी बदललेलं. त्याने आकाशात कृत्रिम ढग केला, आणि त्या ढगात एटीआर-७२ नेऊन टेस्ट पायलटांनी बर्फ कुठे, कसा, किती धरतो ते डोळ्यांनी पाहिलं आणि मोजलं. बर्फाचा बांध तिथेच दिसला. पुढे त्या विमानांचे रबरी पट्टे मागेपर्यंत वाढवले गेले. अपघात ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि चाचण्या त्याच डिसेंबरात. इतक्या लवकर हे झालं कारण ते टँकर आधीपासून होतं, त्याची माणसं तयार होती. अपघात झाल्यावर विमान शोधायला निघाले असते तर वर्षं गेली असती.

आणखी एक उदाहरण देते, कारण माझ्या मागणीचं मूळ त्यातच आहे. जगातलं सगळ्यात पहिलं बोइंग ७३७, ९ एप्रिल १९६७ ला प्रथम उडालेलं, प्रवासी वाहतुकीत कधी आलंच नाही. १९७४ मध्ये ते नासाने घेतलं आणि १९९७ पर्यंत प्रयोगशाळा म्हणून वापरलं. त्याच्या पोटात, प्रवासी बसतात त्या जागी, खिडक्या नसलेलं दुसरं कॉकपिट बांधलं होतं. पुढे नेहमीचे वैमानिक सुरक्षिततेसाठी, आणि मागे बंद खोलीत बसलेला वैमानिक फक्त पडद्यांवर बघून विमान चालवायचा. आजच्या बहुतेक नव्या विमानांत काट्यांच्या तबकड्यांऐवजी जे पडदे दिसतात, त्यांचा बराच अभ्यास त्या खोलीत झाला. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसमध्ये डेल्टाचं विमान उतरताना वादळाखालच्या अचानक फिरणाऱ्या वाऱ्यात सापडलं, १३७ जीव गेले. त्यानंतर हेच जुनं ७३७ नवी रडार आणि सेन्सर घेऊन मुद्दाम तसल्या वादळांजवळ नेलं, पुढचा वारा आधी ओळखता येतो का हे बघायला. ओळखता आला. मुंबईत जून-जुलैत उतरताना वैमानिकाला पुढच्या वाऱ्याची जी सूचना मिळते, तिच्या मागे ही उड्डाणं आहेत. कारखान्याचं पहिलंच अपत्य विद्येला दिलं आणि तेवीस वर्षं त्याने ज्ञान कमावलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपण काय करत आलो? प्रत्येक प्रकल्पाने आपापली सोय शोधली, आणि पुष्कळदा ती परदेशात शोधली. तेजस या आपल्या लढाऊ विमानाची उड्डाण नियंत्रण प्रणाली १९९६ मध्ये अमेरिकेत एफ-१६ विस्टा या खास प्रयोग-विमानात घालून तपासली. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, सहकार्य तुटलं, आपले इंजिनिअर परत आले. त्यांनी इथे बसून काम पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण ते दार एका दिवसात बंद झालं होतं. आपलं कावेरी हे जेट इंजिन हवेत तपासायला २०१० मध्ये रशियात मॉस्कोजवळच्या झुकोव्स्कीला न्यावं लागलं. तिथल्या संस्थेच्या आयएल-७६ विमानाच्या चार इंजिनांपैकी एक काढून त्या जागी कावेरी बसवलं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ढगांचा आणि पावसाचा मोठा प्रयोग २००९ पासून केला, सोलापूरवरचे ढगही त्यात मोजले, तेही भाड्याने आणलेल्या विमानांनी. आमच्याच मान्सूनचे ढग मोजायला विमान भाड्याने!

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मन जड होतं, पण ते टाळून ही मागणी करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

आपल्याकडे उडती प्रयोगशाळा झाली होती. अॅव्रो जातीच्या एका जुन्या वाहतूक विमानाच्या पाठीवर रडारचं मोठं गोल ताट बसवून, हवेतून दूरवर नजर ठेवणारी यंत्रणा तपासली जात होती. ११ जानेवारी १९९९ ला तमिळनाडूत अरक्कोणमजवळ उतरायच्या बेतात असताना ते ताट सुटलं, आणि विमान कोसळलं. आठ जण गेले, शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे अधिकारी. तो प्रकल्प बंद झाला. त्याच क्षमतेसाठी २००४ मध्ये नवा प्रकल्प मंजूर झाला, ब्राझीलच्या विमानावर, आणि 'नेत्रा' हवाई दलाकडे आलं ते २०१७ मध्ये. पुढे ६ मार्च २००९ ला 'सारस' या देशी लहान प्रवासी विमानाचं दुसरं नमुना-विमान बेंगळुरूजवळ पडलं, हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. हवेत बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करून पाहण्याची ती चाचणी होती. ठरवलेली पद्धतच चुकीची होती आणि ती वापरली तेव्हा उंची पुरेशी नव्हती, असं चौकशीत निघालं.

या माणसांची आठवण ठेवायची ती कशी? मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलं की प्रयोगात चूक झाली तर प्रयोगशाळेला कुलूप लावू नका, कार्यपद्धती बदला. एकेका प्रकल्पापुरतं विमान बदलून, एकेका प्रकल्पापुरती माणसं जमवून काम केलं की दर वेळी पहिल्यापासून शिकावं लागतं. कायमची उडती प्रयोगशाळा असली, तिची ठरलेली माणसं असली, प्रत्येक चाचणी आधी बाहेरच्या, त्या प्रकल्पात हितसंबंध नसलेल्या मंडळाने तपासायची पद्धत असली, तर एका चुकीतून आलेलं शहाणपण पुढच्या चाचणीला उपयोगी पडतं. १९९९ मध्ये आणि २००९ मध्ये आपण जे गमावलं, त्याच्या नोंदी एका छपराखाली, रोज त्या वाचणाऱ्या माणसांच्या हाताशी असाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक योग पाहा. हवाई दलात सी-२९५ येतंय ते अॅव्रोच्याच जागी. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेलं पहिलं सी-२९५ बडोद्यालाच, ११ व्या स्क्वाड्रनकडे उतरलं. अॅव्रोचं अपुरं राहिलेलं ते दुसरं कामही त्याच्या वारसाने का करू नये?

हे विमान त्याला लायक आहे का, असं आपले अधिकारी विचारतील. उत्तर सेव्हिलमध्ये आधीच उडालं आहे. हे विमान बनवणाऱ्या एअरबसने स्वतःकडचं एक सी-२९५ प्रयोगासाठी बदललं आणि युरोपच्या 'क्लीन स्काय २' या कार्यक्रमात जानेवारी २०२२ मध्ये उडवलं. त्याच्या पंखाचा आकार उड्डाणाप्रमाणे काही अंशी बदलतो, पंखांच्या टोकांची वर वळलेली पाती हलू शकतात, उपग्रहाशी बोलणारा अँटेना पाठीवर उंचवटा म्हणून न राहता अंगातच बसवला आहे. ४०० सागरी मैलांच्या शोध-बचाव फेरीत कार्बन डायऑक्साइड ४३ टक्क्यांपर्यंत आणि नायट्रोजन ऑक्साइड ७० टक्क्यांपर्यंत कमी करायचं, उड्डाण घेतानाचा आवाज ४५ टक्क्यांनी कमी करायचा, हे त्यांचं उद्दिष्ट. २०११ मध्ये तर एका सी-२९५ च्या पाठीवर रडारचं गोल ताट बसवूनही उडवून झालं आहे. म्हणजे ज्या विमानाचे भाग आपण हैदराबादला आणि बडोद्याला हाताने जोडणार आहोत, त्याचंच भावंड तिकडे प्रयोगशाळा आहे. मग आपण फक्त जोडणारेच का राहायचं?

मागचा रॅम्प उघडतो, त्यामुळे उपकरणांचे रॅक तयार करून आत ढकलता येतात आणि काम झाल्यावर काढता येतात. नऊ टनांपर्यंत वजन नेतं. लहान, साध्या धावपट्टीवर उतरतं. दोन टर्बोप्रॉप, म्हणजे पुढचा पंखा फिरवणारी, इंजिनं आहेत, त्यामुळे एका इंजिनाला नेहमीचं इंधन आणि दुसऱ्याला जैवइंधनाचं मिश्रण देऊन दोन्हींची तुलना करता येईल. हे आपल्याकडे नवं नाही. डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेचं जैवइंधन घेऊन हवाई दलाचं एएन-३२ विमान १७ डिसेंबर २०१८ ला चंदीगडला उडालंच होतं. मात्र एक स्पष्ट सांगते: कावेरीसारखं जेट इंजिन या विमानाला टांगता येणार नाही, त्याला चार इंजिनांचं मोठं विमान हवं. तो प्रश्न वेगळा आहे आणि तोही सुटायला हवा. पण सेन्सर, रडार, अँटेना, दिशादर्शन, बर्फ, पंखाची आवरणं, ढगांचं मोजमाप, यांना सी-२९५ पुरेसं आहे.

बडोदाच का, हे गावाच्या प्रेमापोटी म्हणतेय असं वाटेल. प्रेम आहेच. पण विमान जिथे बनतं तिथेच ते उघडून बदलणं सोपं असतं. पंखाचं रेखाटन, साचे, रिव्हेट मारणारे हात, सगळं त्याच आवारात. तासाभराच्या उड्डाणात कच्छचं रण आहे, खारा समुद्र आहे, डोंगर आहेत. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, त्या उष्ण विरळ हवेत इंजिनं धापा टाकतात, आणि जूनमध्ये मान्सूनचे काळे मनोरे अंगणात येतात. लालबागेत गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे, जिचं मूळ १८९० च्या कलाभवनात आहे. सयाजीराव महाराजांनी आणि त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन काढलं तेव्हा आग्रह होता की शिल्प आणि उद्योग मुलांनी स्वभाषेत, हाताने काम करून शिकावं. माझे आजोबा तिथे रंगकाम शिकले. त्यांच्या बोटांवरची नीळ मरेपर्यंत गेली नाही, असं आई सांगायची.

इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना वर्ग म्हणून विमानात बसवतात. आसनापुढच्या पडद्यावर त्यांना विमानाचा वेग, कोन, दाब दिसत असतो आणि वैमानिक त्यांच्यासमोर विमान डोलवून दाखवतो. आपल्याकडे आयआयटी कानपूरला स्वतःची धावपट्टी आणि लहान विमानं आहेत, तिथेही विद्यार्थी उडत्या विमानात मोजमाप करतात. वर्षातले थोडे तास जरी या एक्केचाळिसाव्या विमानाने देशभरातल्या तंत्रनिकेतनांच्या मुलांना दिले, फक्त मोठ्या संस्थांच्या मुलांना नाही, तर काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसतं.

हरणीची अडचण मला माहीत आहे. एकच धावपट्टी, चहूबाजूंनी शहर, रोजची प्रवासी विमानं. धोक्याच्या चाचण्या आमच्या डोक्यावर नकोतच. त्यासाठी समुद्र आहे, कर्नाटकात चित्रदुर्गजवळची संरक्षण संशोधनाची चाचणी धावपट्टी आहे. बडोद्यात विमान राहावं, बदलावं, शिकवावं, आणि जोखमीसाठी तिकडे जावं. टेस्ट पायलट बेंगळुरूच्या हवाई दलाच्या चाचणी संस्थेत पन्नास वर्षांपासून घडतायत. माणसं उसनी आणायची गरज नाही.

पैशाचं. २१,९३५ कोटींना ५६ ने भागलं तर एकेका विमानाच्या वाट्याला साधारण ३९० कोटी येतात. भागाकार ढोबळ आहे, आणि मोजमापाचं जाळं व रोजचा खर्च वेगळा. रक्कम लहान नाही. पण ती एका खात्याने उचलायची नाही, म्हणून तर हे पत्र दोघांना आहे. सेनेची मंजुरी एका संस्थेकडून, नागरी मंजुरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून (डीजीसीए), या दोन दारांमध्ये लहान माणूस हेलपाटे घालतो. हे विमान दोन्ही खात्यांचं सामाईक असावं आणि त्यावर उडालेल्या वस्तूची नोंद दोघांनी मान्य करावी. त्या एका नोंदीने वाडीतल्या मुलीचं काम झालं असतं. कारखान्यातली कामाची ओळ २०३१ पर्यंत चालू आहे. तिथलं शेवटचं विमान बाहेर पडल्यावर जोडणीचे सांगाडे मोडून टाकायच्या आत हा निर्णय व्हायला हवा, आणि बदल डिझाइनमध्ये घालायला त्याआधी काही वर्षं लागतात. म्हणजे वेळ आत्ताच आहे. आणि जे गुपित नाही ते मोजमाप सगळ्यांना खुलं ठेवा, ही माझी शिक्षक म्हणून खास विनंती. सोलापूरच्या ढगावरचा आकडा सोलापूरच्या मुलाला बघता आला पाहिजे.

ती पट्टी अजून माझ्या कपाटात आहे, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. सोबत शीतगृहातल्या नोंदींची वही आणि ओल शोषणाऱ्या पुड्या. दर पावसाळ्यानंतर मी पुड्या बदलते आणि मीटर लावून पाहते. मागच्या दिवाळीत माझी ती विद्यार्थिनी माहेरी आली तेव्हा भेटायला आली, चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "मॅडम, आपली पट्टी चालतेय का अजून?" मी डबा काढला. तिने तारा जोडल्या, फ्रीजमधला बर्फाचा खडा पट्टीवर ठेवला, आणि आम्ही दोघी काट्याकडे बघत बसलो. काटा हलला.

आपलं उत्तर आलं, तर ते मी आधी तिला वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे